तिच्या अंगात येतं म्हणून तिला वाळीत टाकू नका

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या बौद्धवाड्यांतून एकच प्रश्न माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा तो कुजबुजत आला. "सिस्टर, आमच्या सुनेच्या अंगात येतं. पण कुणाजवळ बोलू नका हां, आपण बौद्ध ना!"

मला काळजी वाटते ती या शेवटच्या तुकड्याची. ताप आला, साखर वाढली, गर्भाशयाची पिशवी काढायची वेळ आली, तर आपण उघड बोलतो. अंगात येणं मात्र दडवतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, देवदेवता सोडायला लावल्या. आज घरातली बाई केस मोकळे सोडून घुमायला लागली, तर आपल्या घराने प्रतिज्ञाच मोडली असं घरच्यांना वाटतं. मग डॉक्टरकडे न्यायचं नाही, कारण वस्तीत कळेल. त्यापेक्षा पहाटेच्या एसटीने शेजारच्या तालुक्यातल्या भगताकडे गुपचूप न्यायचं. म्हणजे बौद्ध असल्याची लाज राखण्यासाठी आपण भगताचा उंबरा चढतो! या उलट्या प्रवासाबद्दल आज लिहायचं आहे.

आपल्याकडे अशा बाईसाठी तीनच शब्द आहेत. जुनी माणसं म्हणतात, देवी आली. आपले कार्यकर्ते म्हणतात, ढोंग आहे. शेजारीपाजारी म्हणतात, डोकं फिरलंय. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा हे तिन्ही शब्द चुकीचे असतात आणि तिन्ही शब्द तिला मदतीपासून लांब नेतात.

दोन वर्षांपूर्वी एका वाडीत जयंतीच्या मिरवणुकीत ढोलाचा ठेका चढला आणि तिशीतली एक ताई जागच्या जागी डोलायला लागली. डोळे अर्धवट मिटलेले, मान लटलट हलतेय. एका तरुणाने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "नाटकं बंद कर. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत देवी आणतेस?" पुढच्या बैठकीत तिच्या घराला दंड लावण्याची भाषा झाली. त्या तरुणाचा राग मला कळतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळं फार सोसून सोडलं आहे. पण त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. तिचे तळवे गार होते, घशाला कोरड पडली होती आणि भानावर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "सिस्टर, मी काय केलं? कुणी बघितलं काय?" तिला ना नारळ हवा होता, ना कुणी पाया पडायला हवं होतं. ढोंग करणाऱ्याला प्रेक्षक लागतात. हिला तर ते नको होते.

मग हे आहे काय?

माणसामाणसांच्या स्वभावात फरक असतो हे आपल्याला माहीत आहे. कुणाची झोप इतकी पातळ की मांजर चाललं तरी जाग येते, तर कुणाच्या उशाशी ताशा वाजवला तरी तो घोरतच राहतो. तसाच एक फरक गुंगून जाण्याच्या बाबतीत असतो. भीमगीतांचा कार्यक्रम चालू आहे. सगळे ऐकतात, टाळ्या देतात. एखादी बाई मात्र त्या आवाजात अशी बुडते की मांडीवरचं पोर रडतंय हेही तिला कळत नाही. समुद्राकडे बघत बसली की वेळेचं भान जातं. गोष्ट सांगायला लागली की ती समोर घडतेय असं तिला दिसतं. मेलेल्या आईचा वास स्वयंपाकघरात आला म्हणते, आणि खोटं बोलत नसते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले ऑके टेलेगेन आणि त्यांचे सहकारी गिल्बर्ट अ‍ॅटकिन्सन यांनी १९७४ साली हा स्वभाव मोजण्याची रीत मांडली. पुढे त्यांची ३४ विधानांची यादी जगभर वापरली गेली. ज्यांच्यात हा गुण जास्त, त्यांना संमोहन लवकर लागतं, प्रार्थनेत-ध्यानात विलक्षण अनुभव जास्त येतात, असं नंतरच्या संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळलं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या गॉर्डन क्लॅरिज यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चित्रविचित्र अनुभव येणं ही फक्त आजारी माणसाची खूण नाही. ती एक लांब पट्टी आहे, त्यावर आपण सगळेच कुठे ना कुठे उभे आहोत. कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला, बहुतेक मध्ये.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत १८ देशांतल्या ३१,२६१ लोकांना विचारलं गेलं, तुम्हाला कधी इतरांना न दिसणारं दिसलं का, न ऐकू येणारं ऐकू आलं का, असे काही प्रश्न होते. २०१५ साली निष्कर्ष आले. शंभरातल्या जवळजवळ सहा जणांना आयुष्यात कधीतरी असा अनुभव आला होता. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना तो एकदाच आला आणि संपला. त्याही आधी, १९७१ साली, वेल्समधले एक साधे गावडॉक्टर, ड्यूई रीस, यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याची जाणीव झाली होती, काहींना तो दिसला, काहींनी त्याचा आवाज ऐकला. बहुतेकांनी हे आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक वेडं म्हणतील ही भीती गोऱ्यांच्या देशातही आहे!

तेव्हा नवरा गेल्यावर चार महिन्यांनी मावशी म्हणाल्या, "रात्री हे पडवीत खाकरले," तर लगेच उतारा काढायला धावू नका, लगेच त्यांना मनोरुग्णही ठरवू नका. त्यांच्याजवळ बसा, विचारा, काय ऐकलंत? एवढ्याने बऱ्याच जणींचं मन हलकं होतं.

आता या स्वभावाला परिस्थिती भेटली की काय होतं ते बघू. कोकणात शिमग्याला पालखी निघते, ढोल वाजतो, चार-चार रात्री जागरण, कुणाचा उपास, भोवती गर्दी, आणि त्या गर्दीला ठाऊक असतं की अमुक क्षणी अमुक माणसाच्या अंगात अवसर येणार. त्या माणसालाही ठाऊक असतं. ठेका, जागरण, रिकामं पोट, जोरजोराने घेतलेला श्वास आणि सगळ्यांची अपेक्षा, या पाच गोष्टी एकत्र आल्या की गुंगणाऱ्या स्वभावाच्या माणसाचं नेहमीचं भान बाजूला सरकतं. तो खोटं वागत नाही. पण त्याच्यात बाहेरून कुणी शिरलेलंही नसतं. जे बोलतं ते त्याचंच मन असतं, फक्त त्याला ते आपलं वाटत नाही. त्याची भाषाही गावाने शिकवलेलीच असते. म्हणून आपल्याकडे अंगात येते ती मरीआई येते, कुठल्या परदेशातली देवी येत नाही.

आणि ही मरीआई कुणाच्या गळ्यात बांधली होती हे विसरू नका. साथीची देवी, गावकुसाबाहेरची देवी, तिची सेवा महारवाड्याकडे. पटकी आली की अंगावर घ्यायला आपली माणसं पुढे. पोतराज होऊन पाठीवर कोरडे ओढणारी आपलीच पोरं. कुणाच्या तरी स्वभावातली एक गोष्ट घेऊन जातीने तिचं काम बनवलं आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत पोतराज, देवदासी, जोगतिणी यांच्यासमोर उभं राहून हे जिणं सोडा असं बजावलं. त्यांनी लादलेलं काम सोडायला सांगितलं. ज्यांच्यावर ते लादलं होतं त्या माणसांना त्यांनी टाकलं नाही, समोर बोलावून त्यांच्याशी बोलले. हा फरक आपल्या समित्यांनी नीट ध्यानात घ्यावा असं मला वाटतं.

बायकांच्याच अंगात जास्त का येतं? हा प्रश्न मला पुरुष हसत हसत विचारतात. उत्तर हसण्यासारखं नाही. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या महानुभाव मंदिरात मनोरुग्णांना घेऊन येऊन राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९८७ साली छापून आला. त्यात असं दिसलं की आजारी असतो मुलगा किंवा नवरा, आणि घुमते त्याची आई किंवा बायको. घरातलं दुखणं आपल्या अंगावर घेतलं तर त्याला बरं वाटेल, असं त्या बायकांना मनापासून वाटत होतं. आपल्या वाड्यांत डोळे उघडे ठेवून बघा. नवरा मुंबईला, वर्षातून शिमगा-गणपतीला येणार. सासू अंथरुणावर, पोराची फी थकलेली, दिवसभर दुसऱ्याच्या काजू कारखान्यात उभं राहायचं. तक्रार करायला तोंड नाही. जे तोंडाने बोलता येत नाही ते अंग बोलतं. घुमताना तिचं सगळे ऐकतात, एरवी कोण ऐकतं? हे लबाडीने ठरवून होत नाही, पण म्हणून ते निष्कारणही होत नाही. तिला देव्हाऱ्यात बसवा किंवा मिरवणुकीतून हाकला, थकलेली फी आणि रिकामं घर जिथल्या तिथेच राहतं.

धम्मात याला जागा नाही, असं म्हणणाऱ्यांना मला विनयपिटकाकडे न्यायचं आहे. भिक्खूला संघातून कायमचं बाहेर काढणारे चारच अपराध, पाराजिक. मैथुन, चोरी, मनुष्यहत्या, आणि चौथा, अंगी नसलेल्या अलौकिक सिद्धीचा दावा करणं. हा चौथा नियम का झाला त्याची कथा आहे. वज्जींच्या देशात दुष्काळ पडला, तेव्हा वग्गुमुदा नदीकाठचे भिक्खू उपासकांसमोर एकमेकांच्या सिद्धींचं खोटं कौतुक करू लागले आणि लोक पोटाला चिमटा घेऊन त्यांना जेवू घालू लागले. तथागतांनी त्यांना खडसावलं. आजच्या बाबाबुवांना हा नियम जसाच्या तसा लागू होतो. पण त्याच नियमात एक सूट आहे. ज्या भिक्खूला खरोखरच वाटलं की आपल्याला काही प्राप्त झालं, आणि तो गैरसमज होता, त्याला हा दोष लागत नाही. म्हणजे लुबाडणारा वेगळा आणि प्रामाणिकपणे अनुभव घेऊन त्याचा चुकीचा अर्थ लावणारा वेगळा, हे तथागतांच्या संघाला कळत होतं. आपल्या मिरवणुकीतल्या तरुणाला ते कळू नये?

तिसऱ्या शब्दाचं, वेडाचंही उत्तर तिथेच आहे. गग्ग नावाच्या भिक्खूचं मन ठिकाणावर नव्हतं. उपोसथाला यायचं कधी त्याच्या ध्यानात राही, कधी नाही. त्याच्यामुळे संघाचं काम अडू लागलं, तेव्हा संघाने बसून रीतसर संमती दिली की गग्गला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाने उपोसथ करावा. त्याला हाकललं नाही, त्याच्याकडून दंडही घेतला नाही.

ध्यानाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली आता शिबिरांना जातात. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिराने अनेकांचं भलं झालेलं मी बघितलं आहे. पण दहा दिवस मौन आणि दिवसाचे दहा-दहा तास ध्यान हे साधं काम नाही. ज्याचा स्वभावच गुंगण्याचा, ज्याला आधीच कानात आवाज येतात किंवा ज्याची झोप उडालेली आहे, त्याला तिथे त्रास वाढू शकतो. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी २०१७ साली ६० साधकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. भीती, झोप जाणं, आपण आपले नाही असं वाटणं, हे सगळं त्यात आहे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही. तिथे खरं लिहा. आणि ध्यानात प्रकाश दिसला, शरीर विरघळलं असं कुणी सांगितलं तर त्यालाही सिद्धपुरुष करू नका. तोही अनुभवच, आला आणि गेला.

गांजाचं तर विचारूच नका. अशा स्वभावाच्या तरुणाला गांजा म्हणजे सैल कडीच्या दाराला लाथ. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर त्याने गांजाच्या जवळही फिरकू नये.

आता मुख्य गोष्ट. स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? मी वस्तीत गेले की अनुभव किती विचित्र आहे ते आधी विचारत नाही. आधी विचारते, झोपते का? जेवते का? कामाला जाते का? मधल्या वेळात नेहमीसारखी असते का? सणाला, ढोलावर, पाच-दहा मिनिटं घुमली आणि नंतर चहा घेऊन भाकऱ्या थापायला बसली, तर तो आजार असण्याची शक्यता कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारयादीतही हेच धोरण आहे. समाजाच्या रूढ प्रथेत, ठरल्या वेळी येणारं अंगात येणं ते आजारात धरत नाहीत. नको असताना, वेळी-अवेळी, पुन्हा पुन्हा येतं आणि माणसाचं जगणं विस्कटतं, तेव्हा धरतात. बाई स्वतः सांगते की मला हे नकोय, तेव्हा डॉक्टर गाठायचाच.

पण काही वेळा असं थांबून बघत बसायला वेळ नसतो, आणि हे मी ठासून सांगते. बाळंतीण. बाळ झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई रात्र-रात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, हे बाळ माझं नाही म्हणते, कुणीतरी मारायला येतंय म्हणते. आपल्याकडे याला बाहेरची बाधा म्हणतात, लिंबू उतरतात. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होणारा हा गंभीर आजार आहे. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, आणि औषधाने ती बरी होते. त्याच दिवशी दवाखाना. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण तिच्यापासून तोडूही नका.

दुसरं, दारू. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणी दारात उभं आहे असं वाटतं. घरचे म्हणतात, चांगला सोडायला निघाला तर कुणीतरी करणी केली. ही करणी नाही, शरीर दारूवाचून बिथरलं आहे, आणि यात माणूस दगावतो. याला सरकारी रुग्णालयातच न्यायचं.

पावसाळ्यात ताप चढून बडबडणारा, त्याला लेप्टो असेल, मलेरिया मेंदूत गेला असेल. साखरेच्या गोळ्या-इन्सुलिन घेणारी आजी अचानक घामाघूम होऊन वेड्यासारखं बोलायला लागली, तर आधी साखर तपासा, ती खाली गेलेली असते. म्हातारं माणूस संध्याकाळ झाली की भ्रमिष्ट होतं, तर लघवीचं इन्फेक्शन बघा, रक्तातलं मीठ बघा. एखादी मुलगी मिनिटभर एकटक बघते, तोंड चघळल्यासारखं करते, नाकात घाण वास आला म्हणते आणि मग काही आठवत नाही, तर ती फिट असू शकते, हातपाय झाडले नाहीत तरी. यातलं एकही भगताला कळत नाही. आणि ढोंग म्हणून ओरडणाऱ्या कार्यकर्त्यालाही कळत नाही.

तरुण मुलांचं मात्र हळूहळू होतं. अठरा-वीस-बावीस वय, मित्र सुटले, आंघोळ सुटली, खोलीत बसून पुटपुटतो, शेजारी माझ्याबद्दल बोलतात म्हणतो, जेवणात काही घातलंय का विचारतो. तन्या लुहरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत चेन्नई, घानातलं आक्रा आणि अमेरिकेतलं सॅन मातेओ इथल्या आवाज ऐकू येणाऱ्या ६० रुग्णांशी बोलून बघितलं. अमेरिकेत आवाज बहुधा अनोळखी आणि मारा-कापा सांगणारे. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज, कामं सांगणारे, रागावणारे. म्हणून आपला पोरगा म्हणाला की आजोबा बोलतात, तर 'पितर बोलतात' असं समजून बेफिकीर राहू नका. आवाज आजोबांचा असो नाहीतर सैतानाचा, झोप, जेवण आणि कामधंदा सुटला तर उपचार लागतातच, आणि जितके लवकर तितके बरे.

कुणाच्या अंगात आलं तर त्या वेळी करायचं काय? ढोल थांबवा. बघे हटवा. "कोण आहेस तू, काय पाहिजे तुला?" हे अजिबात विचारू नका, त्या प्रश्नानेच देवी घडते. तिला तिच्या नावाने हाक मारा. खाली बसवा, डोकं आपटू नये एवढं बघा. कांदा-चप्पल हुंगवणं, थोबाडीत मारणं, तोंडात पाणी ओतणं बंद. पूर्ण भानावर आली की पाणी द्या, खायला द्या. पटाचाराची गोष्ट वर्षावासात आपण ऐकतो. नवरा, दोन्ही मुलं, आईवडील गमावून ती भान हरपून, अंगावरचं वस्त्र गळून पडलं तरी तशीच फिरत होती. लोक वेडी म्हणून तिला हाकलत होते. तथागतांनी तिला बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले, आणि कुणीतरी तिच्यावर पांघरूण टाकलं. माझ्या नर्सिंगच्या पुस्तकात याहून वेगळं काही लिहिलेलं नव्हतं.

भगताकडे जाऊन बसलेल्यांसाठी कायद्याचं थोडं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं, चटके देणं, हे सगळे गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद. अंगात आलंय असं सांगून लोकांना धाक घालणं, ऐकलं नाही तर वाईट होईल म्हणणं, हाही गुन्हा. नुसतं घुमणं हा गुन्हा नाही. कायदा करणाऱ्यांनीही लुबाडणारा आणि अनुभव घेणारी यांत फरक ठेवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. ती का करावी लागली हे तमिळनाडूतल्या एरवाडीला विचारा. ६ ऑगस्ट २००१ ला तिथे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने गेले.

रत्नागिरीकरांचं तसं नशीब आहे. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, १८८६ सालचं, आपल्या शहरात आहे. पण शेजारच्या जिल्ह्यांत कुणी जरा वेगळं वागलं की "याला रत्नागिरीला न्या" अशी थट्टा करतात, आणि त्या थट्टेला आपणही इतके भुललो की त्या फाटकातून आत जायला लाजतो. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. आत गेलेला बाहेर येत नाही ही जुनी समजूत आता सोडा. लांब असाल तर आधी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तेही जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा, मराठीत बोलतात, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट मिळण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याने दिला आहे.

आणि वाडीच्या बैठकीत कुणी दंडाचा विषय काढला, तर महिला मंडळाने उठून सांगावं की दंडाऐवजी तिला दवाखान्यात न्यायला रिक्षाचं भाडं काढा. बरोबर एक बाई जाऊ दे, नुसता नवरा नको, नवऱ्यासमोर बरंच बोलता येत नाही. जाताना वहीवर लिहून न्या, हे कधीपासून आहे, किती वेळ टिकतं, आधी काय होतं, झोप किती, शेवटची पाळी कधी, बाळंतपण कधी, घरात कुणाला फिट किंवा असा त्रास होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. भगताकडे जाऊन आला असाल आणि त्याने मुळी उगाळून, काही कालवून प्यायला दिलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. त्यात धोतरा असला तर त्यानेच माणसाला भास होतात, आणि ते माहीत नसताना औषध ठरवणं डॉक्टरांना अवघड जातं.